दुभाषी

मॉस्कोपासून साठेक किलोमीटरवर, बर्चच्या रानात
एक लांबलचक पत्र्याची इमारत.
पहिली बस अंधारातच सुटते.
फिरायला इथं कोणी येत नाही.

मी खिडकी नऊवर बसते.
किरगिझ, उझबेक, कामापुरती ताजिक.
बाही वर करा. मूठ आवळा. सोडा.
दिवसभर हेच.
झोपेतही माझ्या मुठी आवळतात,
नवरा सांगतो.

चाचणी कसली, कोणी विचारत नाही.
आधी समजावून सांगायचं, नंतर धीर द्यायचा,
दोन्ही एका वेगळ्या खोलीत,
असं नियमात आहे.
त्या खोलीत फरशी पुसायच्या बादल्या ठेवतात.

शोदमोन आला तेव्हा त्याच्या नखांत सिमेंट होतं.
कुलोबकडचा. दुकानांच्या मजल्यांवर फरश्या बसवायचा,
ज्या दुकानांत त्याला नंतर
पहारेकरी आत सोडत नसत.
सहावं वर्ष. पाच वेळा याच खिडकीतून
'निरोगी' असा शिक्का घेऊन गेलेला.
रक्ताचं पाणी करणं म्हणतात ना,
तेच केलं त्यानं.
आता उरलेल्याचा हिशेब मागत होते.

कागदावर एकच शब्द होता
आणि माझ्या तिन्ही भाषा गप्प.
मी म्हणाले, "तुमचं रक्त…"
रांग अर्धं पाऊल पुढे सरकली, कान देऊन.
तो म्हणाला, "कमी पडलं का?
आणखी घ्या ना, आपा,"
आणि दुसऱ्या हाताची बाही वर करू लागला.

पुढचं कागदांनीच केलं.
'आपलं या देशात राहणं अनिष्ट.'
कायमचं.
पाच वर्षं निरोगी होता, म्हणजे लागण इथलीच,
इथल्याच एखाद्या रात्रीची.
तरी रकान्यात लिहिलं: बाहेरून.
दारावर पहारा कडक,
आणि ज्याला अडवायचं
तो केव्हाचा आत जेवायला बसलाय.

त्याच्या तळघरात अकरा जण राहायचे.
पुढच्या महिन्यात त्यांतले चौघेच आले.
बाकीच्यांनी बाजारामागून कागद विकत घेतले,
शिक्क्यासकट, रक्ताशिवाय.
वर्षाच्या शेवटी साहेबांनी भिंतीवर आलेख दाखवला:
आकडा घटला.
घटलाच.
खिडकीपुरता.

गोळी इथं मिळते, पण त्याला नाही.
तिथं त्यालाही मिळते,
पण तिथल्या दवाखान्याच्या खिडकीत
त्याच्या मामीची सून बसते.
हे मी साहेबांना सांगितलं एकदा.
ते म्हणाले, हे धोरणात येत नाही.

मीही उभी राहायचे याच रांगेत, वर्षाआड नाही,
वर्षागणिक.
मग निळा पासपोर्ट गेला, लाल आला,
आणि त्या दिवसापासून
माझ्या रक्तात कोणालाच गोडी उरली नाही.
नस तीच. सुई टोचायची जागा अजून काळसर आहे.
बदललं काय तर पुठ्ठ्याचा रंग.

काल सुट्टी झाल्यावर नर्स ल्युद्मिलाला म्हटलं, माझं घे.
"तुला कशाला?" ती हसली.
मी खुर्चीत बसले. बाही वर केली.
मूठ आवळ, असं माझ्या भाषेत म्हणायला
कोणी नव्हतं.

रात्री फोन आला, कुलोबहून.
मागे बकरी ओरडत होती, एक मूल मोजत होतं काहीतरी.
"आपा, घरात विचारतात, का परत आलास.
रोज विचारतात.
तुम्ही दुभाषी ना?
काय सांगू ते सांगा."

मी मूठ आवळली.
अजून सोडलेली नाही.